परसातला फणस कोणी तोडला?

"वर्षाची घरपट्टी बारा होन. शिमग्याच्या आत भर, नाहीतर घर जप्त!" चिंचगडच्या राजानं बयजा कासारणीला सुनावलं आणि शेजारी उभा असलेला नागोशेट मिशीतल्या मिशीत हसला.

गावभर बांगड्या भरून साठवलेली सगळी पुंजी ओतून बयजानं मार्गशीर्षात नागोशेटचं घर विकत घेतलं होतं. वर्ष सुरू होतं चैत्रात. म्हणजे पहिले आठ महिने घरात लोळला शेट, आणि पट्टी मात्र बाराही महिन्यांची बयजाच्या गळ्यात. आपल्या चार महिन्यांचे चार होन तिनं आणले होते. उरलेले आठ ती कुठून आणणार? शेटकडे पैशांच्या राशी होत्या, पण देवाला नारळ फोडला तरी करवंटी घरी नेणारा माणूस तो. त्यानं कानांवर हात ठेवले.

राजाही कमी नव्हता. शिमग्याला घराची किल्ली ज्याच्या कमरेला, वर्षभराचा मालक तोच, हा त्याच्या आजोबांचा नियम. आजोबांना हिशेब जमत नव्हता म्हणून हा नियम निघाला, हे दरबारात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी सगळे माना डोलवत होते. पगारच त्याचा मिळत होता.

नियम तसूभरही बदलणार नाही, असं राजानं बजावलं.

"नका बदलू, सरकार," बयजा म्हणाली. "एवढंच सांगा, आपल्या नियमानं घर चैत्रापासून माझंच ना?"

"चैत्रापासून तुझंच."

शेटला इतका आनंद झाला की त्यानं हे लेखी द्यायची विनंती केली. कारकुनानं लिहिलं, राजानं शिक्का मारला.

"मग माझी एक फिर्याद आहे. माझ्या परसात फणसाचं मोठं झाड होतं, त्याचा आता बुंधाच उरलाय. कोणी तोडलं?"

"मी तोडलं, श्रावणात," शेट छाती काढून म्हणाला. "फळ्याही विकल्या. माझं घर, माझा फणस!"

"ऐकलंत सरकार? घर चैत्रापासून माझं आणि श्रावणात झाड यांनी नेलं. आपल्या राज्यात चोराला काय शिक्षा असते?"

माना डोलायच्या थांबल्या. शिक्षा सगळ्यांना पाठ होती: शंभर होन दंड आणि गाढवावरून धिंड. शेटला दरदरून घाम फुटला.

"महाराज, श्रावणात घर माझंच होतं हो!"

"आणि भाद्रपदात?" बयजानं विचारलं.

"माझंच."

"कार्तिक संपेपर्यंत?"

"माझंच, बाई, माझंच!"

"मग तेवढ्या आठ महिन्यांची पट्टी भरा, शेटजी. नाहीतर गाढवावर बसा. दोन्हींतलं काय परवडतं ते तुम्हीच बघा."

राजा इतका हसला की त्याची पगडी कारकुनाच्या दौतीवर पडली. आजोबांचा नियम त्यानं तिथंच मोडीत काढला, बयजाचे चार होन माफ केले आणि वर साडीचोळी दिली. शेटनं आठ होन भरले. एकेक नाणं त्याच्या मुठीतून शिपायानं सोडवून घेतलं.