शिवून झाल्यावर घेतलेले माप

एका राज्यात एकदा एक तरुण कारभारी होता. अपंगांना घरपोच मिळणाऱ्या शिध्याचे नियम बदलायचे ठरले, तेव्हा राजाने त्याला बजावले, "आधी त्या लोकांना विचार." कारभाऱ्याने सभा बोलावली आणि तीन दिवस तो अत्यंत नम्रपणे मान डोलावत बसला. सभा संपताच तो थेट आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. शाबासकी हवी होती, दुसरे काय!

"गुरुजी, सगळ्यांना बोलू दिलं," तो म्हणाला. "ठकूबाई म्हणून एक होती. पाय लुळे, दोन्ही हातांवर सरकत आली. नव्या नियमात ज्यांचे हात धड आहेत त्यांचा शिधा बंद होणार. ती म्हणाली, याच हातांवर मी चालते, मग काम कुठल्या हातांनी करू? तिचंही शांतपणे ऐकून घेतलं."

"मग नियम बदललास?"

"आता कसा बदलणार? आज्ञापत्रावर मी सभेच्या आधीच मोहर उमटवली होती. येत्या पौर्णिमेपासून अंमल."

गुरू उठून आत गेले. शिष्यासाठी करून घेतलेल्या नव्या वहाणा त्यांनी आणल्या आणि त्याच्या पायांत चढवल्या. वहाणा इतक्या घट्ट, की तो कळवळला. तेवढ्यात गुरू सुतळी घेऊन खाली बसले आणि त्याच्या पायाचे माप घेऊ लागले. टाच मोजली, चवडा मोजला, "इथे बोचतं का रे?" म्हणून मायेने विचारले. मग सुतळी गुंडाळून कोनाड्यात टाकून दिली.

"गुरुजी, वहाणा तर शिवून झाल्या. आता माप कशाला?"

"तुला विचारलं, असं मला चारचौघांत सांगता यावं म्हणून," गुरू म्हणाले. "माप कातडं कापण्याआधी घ्यायचं असतं, बाळा. त्या बाईला तू काहीच विचारलं नाहीस. तिचं दुःख तू सभेच्या शोभेला वापरलंस."

शिष्याचे कान तापले. त्याला वर पाहवेना. तीन दिवस आपण कुणाचेच ऐकत नव्हतो, आपण किती छान ऐकतो एवढेच पाहत होतो, हे त्याला कळले आणि स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी त्याने राजापुढे चूक कबूल केली आणि आज्ञापत्र रद्द करून घेतले. मग तो ठकूबाईच्या गावी गेला. ती दारात बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

"बाई, तो नियम रद्द झाला. तुम्ही सभेत सांगितलंत ते मी लिहून घेतलंच नव्हतं. आता सांगा, लिहितो."

ठकूबाई हातांवर सरकत पुढे आली.

"लिवलंच न्हवतं व्हय?" ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच नीट सांगता आलं न्हाई. घरी आल्यापास्नं त्येचीच लाज वाटत हुती."

कारभाऱ्याने दौत उघडली. बराच वेळ त्याला एकही अक्षर लिहिता आले नाही.