हौसाचा वन्स मोअर

टेंभुर्ली नावाच्या गावात महिपती नावाचा एक भोळा गडी राहत होता. भोळा म्हणजे कसा? तर एकदा सांगितलेलं कधी न विसरणारा. अशा माणसाशी संसार करणं किती अवघड असतं, ते त्याच्या बायकोला विचारा.

बायकोचं नाव हौसा. तिला नाटकाचं वेड. गावच्या जत्रेत दर वर्षी नाटक व्हायचं आणि दर वर्षी तिला दासीचं काम मिळायचं. पाण्याचा पेला आणायचा, ठेवायचा, निघून जायचं. या वर्षी मात्र नाटक बसवणाऱ्या पोळ मास्तरांनी तिला राजकन्येचं काम दिलं. हौसाची एकच इच्छा होती. आपल्या प्रवेशाला लोकांनी एकदा तरी वन्स मोअर द्यावा. शेजारच्या शेवंताला मागे एकदा तो मिळाला होता आणि तेव्हापासून ती नळावरसुद्धा राणीसारखी कळशी धरायची.

"वन्स मोअर काय मागून मिळतो होय गं?" शेवंता म्हणायची. "आतून यावं लागतं."

हौसा घरी येऊन भाकरी जरा जोरात थापायची.

त्याच सुमारास पुण्याच्या लेकीने आईवडिलांना एक मोबाईल पाठवला. महिपती त्याच्यापुढे मांडी घालून बसला तो उठेचना. काय काय होतं त्यात! एक माणूस कलिंगडाचं कमळ करत होता. कुठल्यातरी देशातली एक म्हैस रोज अंग चोळून घेत होती आणि लाखो लोक ते बघत होते.

"हौसा, आपल्या म्हशीला कुणी बघत नाही गं," तो हळहळून म्हणाला.

पण फोनची एक कटकट होती. ऐन रंगात आलं की चित्र थांबायचं आणि मध्ये एक चक्र गरगर फिरत बसायचं. एकदा कमळाची शेवटची पाकळी राहिली आणि चक्र आलं. महिपती अर्धा तास त्या चक्राकडे बघत बसला. त्याला वाटलं, हाही कार्यक्रमच आहे.

हौसा म्हणाली, "अहो, अडकलंय ते. अडकलं की बंद करायचं आणि परत चालू करायचं."

"असं होय? चुकलं माझं. आता लक्षात ठेवतो."

आणि त्याने लक्षात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी देवळात कीर्तन होतं. बुवा मोठे रंगात आले होते. बोलता बोलता त्यांना ठसका लागला आणि शब्द घशात अडकला. बुवा डोळे फिरवायला लागले. महिपतीने ते चक्र ओळखलं. तो उठला, खांबाजवळ गेला आणि मेन स्विच ओढला. दिवे गेले, माईक गेला, पंखे गेले. अंधारात बायका किंचाळल्या. महिपतीने मनात दहा अंक मोजले आणि स्विच परत वर केला. उजेडात पाहतात तो बुवा पेटीवाल्याच्या मांडीवर आणि पेटीवाला तुळशीच्या कुंडीत.

"चालू झाले का?" महिपतीने विचारलं.

हौसाने त्याला हाताला धरून घरी आणलं. "अहो, काय हे! अडकला की पाणी पाजायचं. पाठीवरून हात फिरवायचा. एवढी साधी गोष्ट."

"चुकलं माझं. आता लक्षात ठेवतो."

आणि त्याने लक्षात ठेवलं.

चार दिवसांनी हौसा तालमीहून आली, तर महिपती ओट्यावर बसून मोबाईलच्या पाठीवरून मायेने हात फिरवत होता. शेजारी तांब्या रिकामा.

"अडकला होता बिचारा," तो म्हणाला. "सगळं पाणी प्यायला. अजून बोलत नाही."

हौसाने कपाळावर हात मारून घेतला. पण बाई हुशार. तिने त्याच फोनवर कधीतरी एक युक्ती पाहिली होती. तिने फोन पुसला आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरला.

"हे ध्यानात ठेवा. भिजलं की तांदळात ठेवायचं. तांदूळ ओल ओढून घेतो. झाकण घट्ट लावायचं आणि उगाच उघडून बघायचं नाही."

आणि खरंच, दोन दिवसांनी फोन चालू झाला. म्हैसही दिसायला लागली. महिपतीच्या मनावर या गोष्टीचा फार परिणाम झाला.

"चुकलं होतं माझं. आता कायमचं लक्षात ठेवतो."

पुढच्याच आठवड्यात हौसाचे वडील, आबा, लेकीला भेटायला आले. वाटेत पाट ओलांडताना पाय घसरला आणि म्हातारा गळ्यापर्यंत भिजला. दारात उभा राहिला तेव्हा धोतरातून पाणी गळत होतं आणि दात वाजत होते. हौसा तालमीला गेलेली.

"जावईबापू, भिजलो हो पार."

"काळजी नको आबा," महिपती म्हणाला. "मला उपाय ठाऊक आहे."

हौसा परत आली. कोपऱ्यात आबांच्या ओल्या वहाणा दिसल्या. आबा दिसेनात. तेवढ्यात तांदळाच्या उंच कणगीतून आवाज आला.

"पोरी! काढ गं मला!"

"अगं बाई! कोण आहे आत?"

"तुझा बाप आहे!"

महिपती कणगीच्या झाकणावर पाटा ठेवून शेजारी राखणीला बसला होता. "उघडू नकोस," तो म्हणाला. "अजून ओल ओढली जायचीय."

आबांना बाहेर काढलं. भुवयांत तांदूळ, कानांत तांदूळ. चहा न घेताच ते गावाकडे चालू लागले. चालताना मागे थोडे थोडे तांदूळ सांडत होते आणि गावातल्या कोंबड्या त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गेल्या.

हौसाला रडू आलं. "अहो, माझा बाप आतून ओरडत होता. 'काढा मला, काढा मला.' तुम्हाला ऐकू आलं नाही?"

"आलं की. चांगलं खणखणीत."

"मग? माणूस 'सोडवा' म्हणून ओरडला की हातातलं टाकून धावायचं. विचार करायचा नाही. उचलायचं आणि बाहेर आणायचं."

"चुकलं माझं. आता लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी तो तिच्याबरोबर तालीम बघायला गेला. शाळेच्या खोलीत सगळे जमले होते. दुष्ट सेनापतीचं काम पोस्टमन सावळारामकडे होतं. त्याने राजकन्येला अंधारकोठडीत टाकलं. हौसाने आकाशाकडे हात केले आणि काळीज फाटेल अशा आवाजात म्हणाली, "आहे का कुणी? सोडवा मला या कोठडीतून!"

दाराशी बसलेल्या महिपतीने हातातल्या शेंगा टाकल्या. तो धावला. सावळारामला एक धक्का दिला. बायकोला खांद्यावर टाकलं आणि जो निघाला तो थेट घरी येऊन थांबला. तिला ओट्यावर ठेवलं.

"वेळेवर आलो ना?" तो धापा टाकत म्हणाला.

तोवर पोळ मास्तर मागून आलेच. चष्मा हातात, चेहरा लाल. त्यांच्या मागे शेवंता, बघायला.

"हौसाबाई, जत्रेत असं झालं तर गावाची अब्रू जाईल. एक तर यांना आवरा, नाहीतर तुमचं काम मी दुसऱ्या कुणाला देतो."

"मला पाठ आहे हो सगळं," शेवंता लगेच म्हणाली.

 हौसाने महिपतीला समोर बसवलं, त्याचे दोन्ही हात धरले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"अहो, ऐका. मंचावर मी ओरडेन, रडेन, मरेनसुद्धा. ते सगळं खोटं असतं. कितीही ओरडले तरी मला हात लावायचा नाही. जागेवर उभं राहून टाळ्या वाजवायच्या. शपथ आहे माझी."

मास्तरांना वाटलं, या माणसाला कामात गुंतवलेलं बरं. म्हणून त्यांनी त्याला पडद्याची दोरी दिली. "एक शिट्टी वाजली की वर. दोन वाजल्या की खाली. आणि लोकांनी वन्स मोअर दिला, तर नुसतं बघत राहू नका. जे झालं असेल ते जसंच्या तसं परत झालं पाहिजे. ते बघणं तुमच्याकडे. वन्स मोअर म्हणजे प्रेक्षकांचा हुकूम."

"चुकलं होतं माझं," महिपती म्हणाला. "आता लक्षात ठेवतो."

हौसाने देवाला नारळ बोलला.

जत्रेच्या दिवशी संध्याकाळी मांडव भरून गेला. रिकाम्या पिंपांवर फळ्या टाकून मंच केला होता. शेवंता पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. शिट्टी वाजली. महिपतीने पडदा वर घेतला. अगदी सरळ. हौसाने विंगेत त्याच्याकडे पाहिलं आणि तिला बरं वाटलं.

अंधारकोठडीचा प्रवेश आला. हौसा मंचाच्या मध्यावर आली. आकाशाकडे हात केले. मोठा श्वास घेतला. आणि पिंपावरची फळी सरकली.

राजकन्या कमरेपर्यंत खाली गेली आणि दोन फळ्यांच्या मध्ये अडकली.

"अगं आई गं!" हौसा ओरडली. "मेले! अहो, काढा मला! खरंच अडकलेय हो! अहो, खरंच!"

महिपतीचे पाय धावायला उठले होते. पण बायकोची शपथ होती. त्याने दात आवळले, पाय रोवले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

लोकांनी विंगेकडे पाहिलं. खुद्द नवराच टाळ्या वाजवतोय म्हटल्यावर शंका कसली? सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला.

"मेल्यांनो, टाळ्या काय वाजवताय!" हौसाने टाहो फोडला. "कुणाला काळीज आहे की नाही? अहो सावळाराम, तुम्ही तरी काढा मला!"

बायकांनी डोळ्याला पदर लावले. एक म्हातारी हुंदके देत म्हणाली, "काय गं बाई हा जीव ओतणं!"

शेवटी सावळारामलाच शंका आली. राजकन्येने त्याला आत्तापर्यंत कधी खऱ्या नावाने हाक मारली नव्हती. त्याने तलवार ठेवली, तिच्या काखेत हात घातले आणि ओढून तिला वर काढलं. हौसा थरथरत उभी राहिली. नऊवारी फाटली होती, गुडघा खरचटला होता, मुकुट कानावर आला होता.

आणि पहिल्या रांगेतून शेवंता उठली. तिचे गाल ओले होते.

"वन्स मोअर!" ती ओरडली.

"वन्स मोअर! वन्स मोअर!" सगळा मांडव उठून उभा राहिला.

हौसा गुडघा विसरली. तिने मुकुट सरळ केला आणि भरल्या डोळ्यांनी लोकांना हात जोडले. एवढं सुख तिला जन्मात झालं नव्हतं.

महिपतीने दोरी खुंटीला गुंडाळली. वहाणा काढून तो मंचावर आला, प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला, खाली बसून फळी नीट बाजूला सारली आणि बायकोला अलगद उचलून पुन्हा त्याच भोकात सोडलं. फळी या वेळी जरा जास्त सरकली होती, म्हणून ती गळ्यापर्यंत गेली.

"हं, ओरड आता," तो तिच्या कानाशी वाकून म्हणाला. "जसंच्या तसं."

आणि विंगेत जाऊन तो टाळ्या वाजवायला लागला.