रेमेदियोसची पाळी

"…पण मग कमी काय पडतं? तेवढं सांगा ना, उस्ताद!"

दामियान अगदी घायकुतीला आला होता. माद्रिदमध्ये त्याच्या हॉटेलात जागा मिळायला लोक महिना-महिना थांबत. त्याचा गाझपाचो, म्हणजे टोमॅटोचं ते गार सूप, प्यायला परदेशातून माणसं येत. आणि गड्याला स्वतःला मात्र ते घशाखाली उतरत नव्हतं! उस्तादांकडे या अंगणात शिकताना लागायची, ती चव काही केल्या येईना.

म्हणून बारा वर्षांनी तो स्पेनच्या दक्षिणेतल्या या खेड्यात परतला होता, बर्फात घातलेली सुपाची बरणी घेऊन.

उस्ताद म्हणजे म्हातारा एउसेबियो. ऑलिव्हच्या मळ्यातल्या मजुरांना त्यानं जन्मभर हेच सूप करून घातलं होतं.

"टोमॅटो चांगले पिकलेले घेतले. पाव कालचा. लसूण, काकडी, तेल, सगळं तुम्ही शिकवलंत तसंच. यंत्र नाही लावलं, खलातच कुटलं."

"हं…"

"मग व्हिनेगर जास्त होतंय का?"

म्हाताऱ्यानं बरणी उचलली आणि अंजिराखालच्या लाकडी काठवटीत सरळ उपडी केली. दामियाननं सोबत काचेचे नाजूक पेले आणले होते. त्यांच्याकडे एउसेबियोनं ढुंकूनही पाहिलं नाही. आतून दोन लाकडी चमचे आणले, एक दामियानच्या हातात दिला.

मळ्यातली रीतच तशी होती. भर उन्हात सगळे एकाच काठवटीभोवती उभे राहायचे. एक चमचा घ्यायचा, एक पाऊल मागे सरायचं, पुढच्याला जागा द्यायची.

एउसेबियोनं एक चमचा घेतला, मागे सरला.

दामियाननं घेतला. तोही मागे सरला.

मग कुणीच पुढे होईना…

ऊन चढत होतं. सुपातला गारवा डोळ्यांदेखत चालला होता. एवढं जीव ओतून केलेलं सूप वाया जातंय म्हणून दामियानचा जीव तीळतीळ तुटू लागला.

"घ्या ना, उस्ताद. तुमची पाळी."

"माझी नाही. रेमेदियोसची."

दामियानची मान खाली गेली. रेमेदियोस म्हणजे उस्तादांची बायको. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या या पोराला तिनं पोटच्या पोरासारखं जेवू घातलं होतं. यंदा मार्चमध्ये ती गेल्याचं पत्र त्याला मिळालं होतं. पण ऐन हंगाम, टेबलं भरलेली. आज निघू, उद्या निघू, करता करता राहूनच गेलं.

"चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला. "काकू होत्या तेव्हाच यायला हवं होतं."

म्हातारा काठवटीकडे बघत होता.

"तू गेलास ना, त्या दिवसापासून रोज दुपारी ती तुझ्या पाळीला थांबायची. कुणालाही पुढे होऊ द्यायची नाही."

"…रोज?"

"बारा वर्षं आम्ही हे गार सूप कोमटच प्यायलो."