वाटवणी

बातमी आली तेव्हा सोनकी अंगणात जांभळं कुस्करत बसली होती, असं लहानूदादा सांगतात. अर्धी पाटी अजून तशीच होती.

लहानूदादा हे सांगतात ते घाटमाथ्यावरच्या वळणावर, एका सपाट दगडाशेजारी बसून. इथे फळांच्या रसाचं मद्य मिळतं. पण त्याला कुणी दारू म्हणत नाही. जांभळाचं असो की करवंदाचं, ते वाटवणीच.

सोनकीचा नवरा देवजी बैल घेऊन कोकणात मीठ आणायला उतरला होता. मोहाची कडक दारू त्याला सोसत नसे. "तुझी दारू तुझ्या तोंडासारखी," तो बायकोला म्हणायचा, "घसा जाळते." म्हणून ती त्याच्यासाठी जांभळाच्या रसात मूठभर सुकी मोहफुलं टाकून ठेवत होती. बैल ओढ्यापलीकडे चरताना सापडले. देवजी सापडला नाही.

घरात कुणी गेलं की भरलेली मडकी ओतून टाकायची, ही तिथली रीत. माणसं जमली, तशी सोनकी मडक्याला हातांचा विळखा घालून बसली.

"सुतकाचं ठेवतेस व्हय गं?" सासूनं विचारलं.

"त्यानं चाखलं नाही अजून, आत्या."

मडकं ओतलं असतं तर देवजी गेला हे तिला मानावं लागलं असतं. तेव्हा गावचा म्हातारा भगत म्हणाला म्हणे, "सुतक घराला. वाटेला कसलं सुतक? ठेवा वाटेवर नेऊन."

मडक्याची दुसरी बाजू सासूनं धरली.

ते या दगडावर आलं. तोंडाला फडकं बांधलेलं. काही दिवसांनी आतला रस फसफसून मुरला. एका तहानलेल्या वाटसरूनं द्रोणभर पिऊन मडक्याशी बसलेल्या सोनकीला विचारलं, "बाई, हे काय?"

"वाटेवरचं पाणी."

"असलं पाणी असेल तर मी आमची विहीर बुजवतो!"

बातमीनंतर सोनकी तेव्हा पहिल्यांदा हसली, असं सांगतात. गुळाच्या पाण्याला गूळवणी म्हणतात, तसं वाटेवरच्या या पाण्याला वाटवणी नाव पडलं.

शहरातली माणसं म्हणतात, हे नाव वाट पाहण्यावरून आलं असणार. लहानूदादा वाद घालत नाहीत. "तसं म्हणा. वाट तीच."

आजही जांभळं पिकली की पहिलं मडकं घरातल्या सासू-सुना दोन बाजूंनी धरून इथे आणतात. येणारा-जाणारा पितो, थट्टामस्करी होते, पोरं जांभळ्या जिभा दाखवत पळतात. त्याआधी एक द्रोण भरून देवजीसाठी दगडावर ठेवतात.

तो अजून कुणी उचललेला नाही.