नातीच्या जन्मतारखेचं तिकीट

"म्हणजे आकडा निवडून घेण्यात काहीच अर्थ नाही, असं म्हणायचंय तुम्हाला?" दिगंबर सातपुत्यांचा आवाज जरा चढलाच.

सोमपुरी बाबा पुढ्यातल्या सुपातली मेथी निवडत राहिले.

"तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, बाबा. जन्मभर तिकिटंच फाडली. लॉटरीच्या दुकानात दोरीला शंभर तिकिटं लटकत असतात, पण हात लावला की कळतं मला."

"काय कळतं?"

"...हेच, की यात दम आहे."

"मग लागलं कधी?"

"लागता लागता राहिलं! गेल्या सोडतीत शेवटचा आकडा एकानं हुकला. एकानं, बाबा! म्हणजे जवळ आलोय मी."

बाबांनी एक जून काडी काढून बाजूला टाकली.

"कशाच्या जवळ?"

दिगंबररावांना या प्रश्नाचा राग आला. पण गुरूवर रागवायचं कसं? त्यांनी नुसता चष्मा पुसला.

खरं तर बाबांपुढं लॉटरीचा विषय काढणं म्हणजे जखमेवर मीठच. मागे एकदा सर्दीनं हैराण होऊन बाबा पारावर शिंकत बसले होते. कुणा रिकामटेकड्यानं त्या शिंका मोजल्या, त्या आकड्याचं तिकीट घेतलं, आणि नशीब बघा, त्याला लागलं! तेव्हापासून बिचाऱ्यांना शिंकायची चोरी झाली. बाबांनी प्रसादाला केळी किती दिली, कुत्र्याला कितीदा हाड म्हणाले, लोक सगळं मोजतात. नाही लागलं की वर बाबांनाच नावं ठेवतात.

दिगंबरराव त्यातले नव्हते हं. ते स्वतःच्या डोक्यानं आकडा काढत, आणि याचा त्यांना भारी ताठा होता. आजही ते आकडा मागायला आले नव्हते. उद्या पाडव्याची मोठी सोडत. दोन आकडे मनात पक्के होते, कोणता घ्यावा एवढंच ठरत नव्हतं.

"कंडक्टर, वर बघ," बाबा म्हणाले.

वर पिंपळ होता. फाल्गुन सरत आलेला, झाडाची पानगळ चाललेली.

"आता कुठलं पान पडेल?"

दिगंबरराव उठले. पाराला अर्धी फेरी मारली, मान वाकडी करून बघितलं. खालच्या फांदीच्या टोकाला एक पान पार पिवळं पडलं होतं, देठाशी नुसतं लोंबत होतं.

"ते."

दोघं बघत राहिले...

पान पडलं. पण भलतीकडून, वरच्या शेंड्यातून, आणि चांगलं हिरवंगार. गिरक्या घेत आलं आणि थेट मेथीवर बसलं.

"हे वाऱ्यानं पडलं," दिगंबरराव म्हणाले. "हे धरायचं नाही."

"बरं. परत सांग."

"तेच. आता तर तेच! इतका वेळ पडलं नाही ना? मग त्याची वेळ भरत आली."

बाबा खळखळून हसले. हसता हसता आणखी एक पान पडलं, तेही दुसरंच. पिवळं आपलं लोंबतच होतं.

"तू त्याच्याकडं टक लावून बघतोयस," बाबांनी डोळे पुसले, "हे त्या पानाला ठाऊक तरी आहे का रे?"

आता मात्र दिगंबररावांना ते लागलं.

"पानाचं सोडा, बाबा. पान कुणाचं कोण! माझे आकडे असे रस्त्यावरचे नाहीत. माझ्या नातीचे आहेत ते."

बाबांचा हात थांबला.

"उज्ज्वलाच्या मुलीचे?"

"हो..."

दिगंबरराव पारावर टेकले. एवढा वेळ ताठ असलेली मान खाली गेली.

उज्ज्वला त्यांची एकुलती एक. येवल्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण घरात बाईमाणूस कुठं होतं? दिगंबररावांची बायको लेकीच्या लग्नाआधीच गेली. सासरच्यांनीच सगळं निभावलं, एका शब्दानं बोलले नाहीत. तेच तर यांना डाचत होतं.

"बारशाला आजोबानं नातीच्या पायात चांदीचे वाळे घालायचे असतात, बाबा. मी मोठ्या तोंडानं सांगितलं होतं, घसघशीत वाळे घेऊन येतो. आणि नेमका तेव्हाच हात आखडला. कसा गेलो असतो? व्याह्यांच्या चार माणसांत मान खाली घालून बसू?"

"म्हणून गेला नाहीस."

"नाही गेलो."

"नंतर?"

"नंतर... नंतर तर वाळ्यांशिवाय जाणं आणखीच वाईट दिसलं असतं. उज्ज्वला म्हणते, आबा, निदान फोनवर तरी बघा तिला. मी नको म्हणतो. आधी वाळे, मग तोंड बघायचं, असं ठरवलंय मी. येवल्याची गाडी रोज माझ्या डोळ्यांसमोरून जाते, बाबा. पास आहे माझ्याकडं. रोज स्टँडवर जातो. गाडी सुटली की घरी येतो."

बाबांनी मेथीवरचं ते हिरवं पान उचलून पारावर ठेवलं.

"म्हणून तिचेच आकडे घेतो. जन्मतारखेचं तिकीट घेऊन झालं. जन्मवेळेचं झालं. दवाखान्यात तिला ठेवलं होतं त्या खाटेच्या नंबराचंही झालं. उद्याच्याला परत तारीख घ्यावी की वजनाचा आकडा घ्यावा, एवढंच ठरत नाहीये. पण एक ना एक दिवस लागणार बघा. तिचेच आकडे आहेत. सख्खी नात आजोबाला दगा कशी देईल?"

हे बोलताना उपरण्याचं टोक त्यांनी डोळ्यांना लावलं.

बाबांना या माणसाची फार दया आली. दर गुरुवारी पारावर येऊन शहाण्यासारखा वाद घालणारा हा गडी आत इतका पोळलेला असेल, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी सूप बाजूला सारलं.

"आणि समज, उद्या लागलं. तर?"

दिगंबररावांचा चेहरा एकदम उजळला.

"तर उठून सरळ सराफाकडे! वाळे घ्यायचे, घुंगरांचे. दुसरं काही नको मला, आईशपथ."

"कोणत्या मापाचे?"

"हे एवढे."

दिगंबररावांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं करून दाखवलं. इवलंसं कडं. त्यातून लिंबूसुद्धा मुश्किलीनं गेलं असतं.

"एवढं एवढं पाऊल आहे तिचं. जावयानं सांगितलं होतं फोनवर, आबा, पाऊल म्हणजे नुसतं तुमच्या अंगठ्याएवढं आहे..."

ते कडं त्यांनी तसंच धरून ठेवलं. त्यात जणू पाऊल आहेच अशा मायेनं त्याच्याकडं बघत राहिले.

बाबाही बघत होते...

"बारसं कधी झालं म्हणालास?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीत."

बाबांनी आपला हात पुढं केला आणि ती जुळवलेली बोटं हलकेच झाकली. इतक्या वर्षांत त्यांनी सातपुत्यांना कंडक्टर सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"दिगंबर," ते म्हणाले, "चालायला लागली असेल रे ती."