कडजाईच्या नाळेतल्या गारा

हा जो काळा, सपाट धोंडा दिसतो ना, ज्यावर तुमच्यापैकी कुणीतरी बॅग टेकवली आहे, ती बॅग आधी उचला. रागावून सांगत नाही, पण त्या धोंड्यावर सामान ठेवत नाहीत. त्याच्यावर उभं राहून वाट सांगतात. वर वाट कशी आहे, पाणी मिळेल का, असं तुम्ही आल्या आल्या विचारलंत. ते सांगायची जागा हीच. दर वर्षी चैत्र पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आमच्या सादडवाडीचा एक माणूस कडजाईच्या डोंगरावर जातो, वाट पाहून येतो आणि या धोंड्यावर उभा राहतो. समोर सगळं गाव. धोंडा इतका तापलेला असतो की पाय टेकवत नाही, म्हणून आधी त्यावर तांब्याभर पाणी ओततात. मग पाटील विचारतो, "वर गारा आहेत का?" तो माणूस सांगतो, "गारा नाहीत." एवढं ऐकल्याशिवाय देवीची पालखी जागची हलत नाही.

बाहेरची माणसं इथे हसतात. तुम्हीही हसलात, ते दिसलं. चैत्राच्या उन्हात, जिथे शेळीसुद्धा सावली सोडून चरायला जात नाही, तिथे गारांची चौकशी कसली, असं वाटणारच. पण त्याला कारण आहे, आणि ते गोमा गवारी नावाच्या माणसामुळे घडलं असं सांगतात. बसा. ऊन उतरल्याशिवाय तसंही तुम्हाला निघता येणार नाही.

गोमा गवारी फार जुना. किती जुना ते कुणाला ठाऊक नाही. निम्म्या वाटेवर तो उंबर दिसतो ना, त्याला तेव्हा म्हणे तीनच फांद्या होत्या. यात्रेआधी वाट पाहण्याचा मान गवाऱ्यांच्या घराण्याचा, आणि हा मान काही साधासुधा नव्हता. पौर्णिमेच्या पंगतीत पहिली पुरणपोळी वाट पाहणाऱ्याच्या पानात पडायची, पाटलाच्या पानात दुसरी. त्या एका पोळीपायी गवाऱ्यांच्या भावकीत तीन घरांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

उंबरापर्यंत वाट सोपी आहे, कुणीही जाईल. त्याच्या वर नाळ लागते, म्हणजे दोन कड्यांच्या मधली उभी घळ. आत खडकात कोरलेल्या पायऱ्या, एका वेळी एकच माणूस मावेल एवढ्या. कधी दरड येऊन पायऱ्या बुजतात, कधी कपारीत आग्या मोहोळ बसतं, कधी माथ्यावरचं पाण्याचं टाकं आटतं. यात्रेला लेकुरवाळ्या बायका जाणार, म्हातारी माणसं जाणार, तेव्हा कुणीतरी हे सगळं आधी डोळ्यांनी पाहून यायला हवं.

गोमा पहिली काही वर्षं इमानाने वर गेला. मग एका वर्षी नाळेत त्याचा पाय सटकला. करवंदीच्या जाळीत धोतर अडकलं म्हणून वाचला. अर्धा दिवस तो धोतराला लटकून होता असं गाव म्हणतं; गवाऱ्यांच्या घरचे म्हणतात, अर्धा दिवस नाही, थोडाच वेळ. ते काही असो, तेव्हापासून उंबराच्या वर पाऊल टाकायला गोमा धजेना. पण सात पिढ्यांचा मान, तिथे 'मला भीती वाटते' हे सांगायचं कुठल्या तोंडाने? आणि खरं सांगायचं तर पोळीही सुटत नव्हती.

मग त्याने युक्ती काढली. सकाळी हौसाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, बांधून दिलेली भाकरी घेऊन निघायचं. उंबराखाली बसून ती खायची, मुंडाशाची उशी करायची आणि ताणून द्यायची. उन्हं कलली की अंगाला थोडी माती फासायची, गुडघा जरा खरवडून घ्यायचा आणि धापा टाकत खाली यायचं. या धोंड्यावर उभं राहून तो एका दमात सांगायचा, "पायऱ्या शाबूत. टाक्यात पाणी मांडीभर. मोहोळ पलीकडच्या कड्याला. वाट बरी हाय." नऊ वर्षं त्याने त्यात एक शब्द बदलला नाही.

बरं, उघडं पडायचे प्रसंग आले नाहीत असं नाही. एका वर्षी टाकं कोरडं ठणठणीत निघालं. गोमा म्हणाला, "काल व्हतं. वानरांनी प्यालं." दुसऱ्या वर्षी मोहोळ नेमकं नाळेच्या तोंडाशी निघालं आणि कोंडाजी पाटलाच्या नाकाचा बटाटा झाला. गोमा म्हणाला, "काल पलीकडं व्हतं. माशीला बिऱ्हाड हलवायला काय बैलगाडी लागती?" उलट गावात त्याचं नाव झालं की गोमा फार बारकाईने पाहतो.

दहाव्या वर्षी त्याची लेक पारू माहेरी आली होती. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर तिला मूल झालं होतं, पाच महिन्यांची मुलगी. पारू नवस बोलली होती की पहिल्याच यात्रेला लेकीला पाठीशी बांधून वर नेईन आणि देवीच्या पायांवर घालीन. गोमाचा त्या नातीवर फार जीव. वाट पाहायला निघताना त्याने तिच्या गालाला बोट लावलं, तर तिने ते बोट मुठीत धरलं आणि सोडेना.

हौसाबाई म्हणाली, "आज नीट बघा वाट. आपलं लेकरू जाणार हाय."

"मी कधी नीट बघत नाय व्हय?" गोमा म्हणाला, आणि तिची नजर चुकवत त्याने बोट सोडवून घेतलं. तरी तो उंबराखाली गेला, भाकरी खाल्ली आणि आडवा झाला.

तिसऱ्या प्रहरी आभाळ काळंनिळं झालं. गोमा घोरत होता. पहिली गार त्याच्या पोटावर पडली, दुसरी टाळक्यात. तो उठून बसतो तोवर लिंबाएवढ्या गारा उंबराची पानं फाडत खाली येऊ लागल्या. आडोसा जवळपास एकच, नाळेच्या तोंडाशी असलेली कपार. म्हणजे वरच जायचं. ज्या वाटेकडे नऊ वर्षं त्याने मान वर करून पाहिलं नव्हतं, त्या वाटेने तो डोक्यावर दोन्ही हात धरून धावत सुटला. धावताना म्हणाला म्हणे, "आई कडजाई, पोळी नको, पण टाळकं राहू दे."

गारा थांबल्यावर त्याने कपारीतून डोकं बाहेर काढलं, तर नाळ पांढरीफेक. दोन्ही कड्यांवरच्या गारा घरंगळून आत साचल्या होत्या. गुडघाभर थर. पायऱ्या त्याखाली कुठल्या कुठे गेल्या होत्या. वरून सगळं गुळगुळीत, आणि आतून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. हिमालयात जाऊन आलेली माणसं इथे येतात आणि बर्फाच्या उतारावर टाच कशी रोवायची, काठी कशी धरायची ते आम्हाला सांगतात. गोमाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. पारूला इथून जाता येईल का ते पाहावं म्हणून त्याने एक पाय टाकला. दुसरा टाकायची वेळच आली नाही. तो खाली बसला आणि बसल्या बसल्या थेट उंबरापाशी पोचला. धोतराचा मागचा भाग वरच राहिला.

उद्या पहाटे त्या पायऱ्यांवर पारू असेल, तिच्या पाठीवर ते लेकरू असेल, आणि ती बिनघोर पाय टाकेल, कारण तिच्या बापाने वाट पाहिलेली आहे. हे मनात आलं आणि गोमा ढसाढसा रडला, असं सांगतात. मग त्याने डोळे पुसले, पुरावा म्हणून दोन ओंजळी गारा मुंडाशात बांधल्या, मुंडासं डोक्यावर ठेवलं आणि धावत निघाला.

खाली सादडवाडीत पावसाचा एक थेंब नव्हता. ऊन तापलेलं, आभाळ मोकळं. नाळ इथून दिसत नाही, मध्ये ती डोंगराची सोंड येते, तुम्हीच बघा. पालखी सजलेली, गाव जमलेलं. गोमा धोंड्यावर चढला. त्या दिवशी त्याला खोटी धाप लागलेली नव्हती.

"वाट नाय," तो म्हणाला. "नाळ गारांनी भरलीय. गुडघाभर. पालखी न्यायची नाय."

लोकांनी एकदा उन्हाकडे पाहिलं आणि एकदा गोमाकडे. गोमाने मोठ्या हिमतीने मुंडासं सोडलं. त्यातून तांब्याभर पाणी त्याच्या तोंडावरून ओघळलं आणि छातीवरून खाली गेलं. कुणीतरी म्हणालं, घाम फार आलाय वाटतं. बुधा भगत, म्हणजे देवीचा पुजारी, जवळ आला आणि त्याने गोमाच्या तोंडाचा वास घेतला, कारण दिवस मोहाच्या फुलांचे होते.

पाटलाने विचारलं, "टाक्यात पाणी किती?"

"ठाव नाय."

"मोहोळ कुठल्या कड्याला?"

"बघितलं नाय."

"पायऱ्या शाबूत?"

"दिसल्याच नायत."

इथे गोमाची पंचाईत झाली. नऊ वर्षं खोटं बोलत होता तेव्हा त्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाला चोख उत्तर होतं. आज दहा वर्षांत पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होता, तर निम्म्याहून जास्त ठाऊकच नव्हतं. बुधा भगत म्हणाला, "ज्याला टाक्याचं पाणी सांगता येत नाय, त्याच्या गारा आपण का मानायच्या? देवीचा मुहूर्त मोडायचा नाय. पहाटे पालखी उठंल." गावाने माना डोलावल्या. गोमा हात जोडत होता, पण त्याच्याकडे कुणी पाहीना.

तेवढ्यात पारू पुढे आली. लेकरू तिच्या पाठीशी झोळीत बांधलेलं होतं.

"बा," ती म्हणाली, "लोकांचं राहू दे. मी हिला घेऊन जाऊ का नको, तेवढं सांग."

गोमाने नातीकडे पाहिलं. मग तो पाटलाकडे वळला.

"टाक्याचं पाणी मला ठाव नाय, कारण नऊ वर्षं मी वर गेलोच नाय. उंबराखाली निजतो. पायऱ्या, पाणी, मोहोळ, समदं मनचं सांगितलं. नाळंची भीती वाटती मला. आज गारांनी हाणलं म्हणून वर गेलो. आज सांगतोय तेवढंच खरं हाय."

पाटलाचा हात आपोआप नाकाकडे गेला. हौसाबाई म्हणाली, "आन मी दर वर्षी चढणीचं काम म्हणून दोन भाकरी जास्त बांधत व्हते."

पाटील संतापला होता, नाही असं नाही. पण माणूस शहाणा होता. सात पिढ्यांचा मान भर गावात मातीत घालून कुणी गारांबद्दल खोटं बोलणार नाही, एवढं त्याला कळलं. त्याने पालखी थांबवली.

बुधा भगताला ते मान्य झालं नाही. पहाटे त्याने देवीची घंटा उचलली आणि गोमाचा आणि गारांचा उद्धार करत तो एकटाच वर गेला. बऱ्याच वेळाने वरून घंटा ऐकू आली. आधी सावकाश. मग एकदम भरभर वाजू लागली आणि जवळ येऊ लागली. देवी स्वतः खाली येते आहे असं समजून बायांनी हात जोडले. उंबरापाशी घंटा थांबली. मग काही वेळाने भगत लंगडत खाली आला, घंटा धोंड्यावर ठेवली आणि कुणाकडे न पाहता म्हणाला, "गारा आहेत."

तीन दिवस पालखी इथेच बसून होती. गारा वितळल्या तसं नाळेतून गार पाणी खाली आलं आणि कोरड्या ओढ्याला चैत्रात धार लागली. गाव तीन दिवस दात शिवशिवेपर्यंत ते पाणी पीत होतं. चौथ्या दिवशी गोमा कुणी न सांगता उठला. हौसाबाईने दिलेली भाकरी त्याने घेतली नाही. तो नाळेत शिरला, एकेक पायरी हाताने चाचपत माथ्यापर्यंत गेला आणि उन्हं कलायच्या आत परत आला. धोंड्यावर उभा राहिला. म्हणाला, "पलीकडचा कडा बघितला नाय. तिथं मोहोळ हाय का नाय, सांगता येणार नाय. पायऱ्या बघितल्या, वरून तिसरी हलती, तिच्यावर पाय देऊ नका. टाक्यात पाणी घोट्याएवढं. गारा नायत." मग पारूकडे पाहून म्हणाला, "चल. मी तुझ्या मागं हाय."

पारू वर गेली. तिच्या मागे गोमा चढला, डोळे लेकराच्या झोळीवरून न हलवता. लेकरू देवीच्या पायांवर घातलं तेव्हा ते झोपलेलं होतं.

मान काढून घ्यावा असं गावातली बरीच माणसं म्हणत होती. पाटील म्हणाला, वाट न पाहता कशी सांगतात ते याला पक्कं ठाऊक झालंय, आता हाच पाहील. पहिली पोळी मात्र गोमाच्या पानातून गेली. ती बुधा भगताला दिली आणि भगताने ती उभ्यानेच खाल्ली, कारण त्याला बसता येत नव्हतं.

आजही पहिली पोळी भगताच्या घरचा माणूस उभ्याने खातो. आजही गारांचं विचारल्याशिवाय पालखी उठत नाही, आणि वाट सांगणारा गवारी काय पाहिलं नाही ते आधी सांगतो, काय पाहिलं ते मग. गोमाच्या घराण्यातला सध्याचा म्हातारा तुमच्यासमोरच बसला आहे. तेव्हा जरा हाताला धरा, धोंड्यावर पाणी ओता. हं.

टाक्यातलं पाणी पाहिलेलं नाही. मोहोळ पाहिलेलं नाही. नाळ यंदा पाहिलेली नाही, गुडघे ऐकत नाहीत. तिसरी पायरी अजून हलते असं पोरं सांगतात. सकाळी उंबरापर्यंत गेलो होतो, तिथवर गारा नाहीत. उंबराखाली सावली मात्र फार चांगली आहे, तासभर झोप लागली.