चंडोलांच्या जागी

"…मग हा तुकडा वगळायचा ना, बाई?" विरेशने विचारलं.

शरयूबाई अंगणात उन्हाला पाठ देऊन बसल्या होत्या. सोलापूरच्या कडेचे माळाचे काही तुकडे निवडून त्या तरुणपणापासून पाहत आल्या होत्या. कोणतं गवत उगवतं, कोणती पाखरं येतात, शहर जवळ सरकलं की काय बदलतं. आता गुडघे साथ देत नव्हते. काम कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं, आणि विरेश हत्तुरे परदेशातून शिकून त्यासाठीच आला होता. हुशार होता. ते त्याला ठाऊकही होतं.

"का वगळायचा?"

"तिथे घरं झाली. गवत गेलं, चंडोल गेले. पाहण्यासारखं काही उरलंच नाही."

"तू जाऊन आलास?"

"उपग्रहाच्या चित्रात दिसतं सगळं."

बाई काठी शोधू लागल्या.

"चल. तिथे आता कोण राहतं, ते मला पाहायचंय."

रिक्षातून उतरल्यावर त्यांना जागाच ओळखू येईना. शेवटी ओढ्याचं वळण सापडलं. त्याच्या अलीकडे एक पत्र्याचं घर होतं. दारात एक बाई टॉवेलांच्या कडा शिवत बसली होती. महानंदा तिचं नाव.

"फार वर्षांपूर्वी मी इथे येत असे," शरयूबाई म्हणाल्या. "तुम्ही बसलात ना, तिथे चंडोलाचं घरटं असायचं."

महानंदाची सुई थांबली.

"तुमची जागा हाय का ही?"

"नाही हो. नुसती पाहायला यायचे."

"नुसतं बघाय?" ती सुटल्यासारखी हसली. "या की मग, बसा. चा टाकते."

बाई बसल्या आणि विचारत सुटल्या. गाव कुठलं? पाणी कुठून येतं? उरलंसुरलं अन्न कोण खातं? सांडपाणी कुठे जातं?

"मागं जातंय. तितं अळू लावलंय. बेडूकबी झाल्यात लई."

विरेशने मान वर केली. "बेडूक? या माळावर?"

तो उठून मागे गेला. बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती, आणि त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "इथे सगळ्यांत आधी तुम्ही आलात?"

"व्हय."

"एवढा मोठा माळ… मग नेमकं इथेच का?"

महानंदाने कप पुढे केले.

"रस्ता न्हवता, लाईट न्हवती. लाल खुंट्या तेवढ्या होत्या, चारी कोपऱ्यांला. आमचं मालक म्हनलं, कुनीतरी मापं घेतल्यात, म्हंजे हितं वस्ती व्हनार. आपुन आधी जाऊ. मंग हितंच पत्रे ठोकले. आमचं बघून बाकीचे आले."

बाईंच्या हातातला कप ओठांपर्यंत जाता जाता थांबला.

"लाल होत्या?"

"लाल. लांबनं दिसायच्या."

पलीकडच्या घरात यंत्रमाग खडखडत होता…

"रंग मीच दिला होता," बाई हळूच म्हणाल्या. "दरवेळी पाहायची जागा चुकू नये म्हणून."

विरेशला त्यांच्याकडे पाहवेना. चंडोलांवर त्यांचा किती जीव होता, हे त्याने ऐकलं होतं.

पण बाई पुढे सरकल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर नवं काही सापडल्याचं कुतूहल.

"आणखी काय काय दिसलं हो तुम्हाला तेव्हा? सगळं सांगा."

महानंदा सांगत राहिली. विरेशने पिशवीतून कोरा तक्ता काढला, मांडीवर ठेवला आणि भराभर लिहू लागला. गवत. पाखरं. बेडूक. माणसं.

मग त्याचं पेन अडलं.

"बाई… खुंट्या कोणत्या रकान्यात लिहू?"

बाईंनी चहा संपवला, कप खाली ठेवला.

"स्वतःला ज्या रकान्यात लिहिशील, त्याच."